इस्माईलचाचा जोडी विकत नाहीत

मत्रहच्या बंदरावरच्या अरबी बाजारात मी पहिल्यांदा पत्रकं वाटायला उभी राहिले, तेव्हा सगळ्यांत आधी ज्यांनी हात पुढे केला त्यांनी पत्रक वाचायच्या आधी हुंगलं. शाईचा वास घेतला. मग हातभर लांब धरून तळापर्यंत वाचलं आणि मला म्हणाले, "गो पोरी, एवढं ओरडून लिहितंस, घसा नाय दुखत तुजा?"

हे इस्माईलचाचा. मूळ गाव राजापूरच्या खाडीकाठी. दुकान बाजारातल्या आतल्या गल्लीत. लोबान, धुपाटणी, रुमाल आणि पर्यटक घेतात तसला किरकोळ माल. दुकान त्यांचा पुतण्या रफीक बघायचा. चाचा दाराशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळायचे. वय विचारलं तर म्हणायचे, "पासपोर्टातलं सांगू की गुडघ्यातलं?"

पत्रक वन्य प्राण्यांच्या कातड्यांविरुद्ध होतं. आमचा एक छोटा गट आहे, रीतसर परवानगी काढून काम करतो. मराठी आणि हिंदी मजकूर मी लिहिते आणि वाटायलाही मीच उभी राहते. माझं लिहिणं कसं असतं ते मला माहीत आहे. वाक्य लहान, दोषी एक, शेवटी उद्गारचिन्ह. पत्रक असंच असतं. लोक चालता चालता वाचतात, त्यांच्याकडे दुसरी बाजू ऐकायला वेळ नसतो. माझ्याकडेही नव्हता.

पुढच्या आठवड्यात बघते तर चाचांच्या दुकानात लोबानाच्या पुड्या माझ्याच पत्रकांत बांधलेल्या! मी तरातरा आत गेले.

"चाचा, हे काय आहे? मी रद्दी छापते का?"

"बस आधी. पाणी पी." मग रफीककडे बघून, "पत्रकवाली तापली रे." मग माझ्याकडे. "तू फुकट वाटतंस ना, ते लोक कोपऱ्यावरच्या डब्यात टाकतात. मी रोज बघतो हितं बसून. लोबान घरी नेतात, पुडी सोडतात, तेवा वाचतात. घरात वाचलेलं डोक्यात बसतं. पुढल्या खेपेला जाड कागदावर छाप. हा फाटतो."

आम्ही जाड कागदावर छापलं. तो सगळा हिवाळा आमची पत्रकं लोबानाचा वास लेवून घरोघर गेली. आमच्या गटात कोणाला हे सुचलं नव्हतं. मी त्यांना आमचा वितरण विभाग म्हणायला लागले आणि ते मला कायमचे पत्रकवाली म्हणायला लागले.

आम्ही राहतो त्या अल् घुब्राहून बस पकडून मी मत्रहला जायचे, कामाचं निमित्त काढून. घरी आमच्याकडे आईबाबांचं पुण्याचं मराठी, शाळेतल्या मैत्रिणींशी इंग्रजी. चाचांचं मराठी तिसरंच होतं. कोकणी, त्यात हिंदी, त्यात अरबी. "यल्ला, उठ, गिऱ्हाईक आलं, ताटकळत ठेवू नको त्याला," हे एका दमात.

त्यांच्या काही खोडी होत्या. कातड्याची वस्तू ते अंगावर घालत नसत. पायात रबरी सपाता, कंबरेला पट्ट्याऐवजी नायलॉनची दोरी. पाकीट कापडी. मला वाटलं, काय माणूस आहे, आपल्या गटात नाव नोंदवून घ्यायला हवं! आणि दुसरी खोड, ते जोडी विकत नसत. धुपाटण्यांची जोडी मागायला कोणी आलं की एक पुढे करायचे. "दुसरं?" "दुसरं नाय." मागच्या फळीवर रांगेने मांडलेली असायची. गिऱ्हाईक बोट दाखवायचं. चाचा म्हणायचे, "ती एकेकटी हायत."

रफीक कपाळ बडवून घ्यायचा. "चाचा, लग्नाचा माल आहे हा. एक धुपाटणं घेऊन कोण लग्नाला जातं?"

"मग तू वीक. मी उठून जातो."

आणि खरंच उठून जायचे. समुद्राकडच्या रस्त्यावर बोटी बघत उभे राहायचे. सौदा झाला की रफीक हाक मारायचा.

"तुला ह्यांची विहिरीची गंमत सांगतो," रफीकने मला एकदा चाचांच्या समोरच सांगितलं. मागे ते दोघं सुट्टीत गावी गेले होते. तिकडे कोणाच्या तरी विहिरीत बिबट्या पडला, रात्रभर ओरडत होता. अख्खा गाव विहिरीभोवती. कोणी दोर आणतोय, कोणी फोनवर चित्रण करतोय, वनखात्याची माणसं येतायत. "आणि आमचे चाचा? सगळे विहिरीत बघतायत, हे एकटे विहिरीकडे पाठ करून उभे. झाडीकडे तोंड. हातात छत्री. आणि झाडीला शिव्या! 'जा, जा मेल्या, हितं येव नको, जा मागं!' लोकांना वाटलं म्हातारा कामातून गेला. मी हात धरून घरी आणला."

रफीक हसत होता. मीही हसले. चाचा रुमालांची थप्पी सारखी करत होते. ती सारखीच होती.

कातड्याच्या धंद्यातून ते आले होते हे त्यांनी लपवलं नव्हतं. तरुणपणी थोरल्या भावाबरोबर बकऱ्यांची कातडी इथून बोटीने मुंबईला पाठवायचे. आणि दर वर्षी थंडी ओसरताना डोंगराकडे जायचे. कोरड्या नदीला इथे वादी म्हणतात. डोंगरातून एक मोठी वादी जिथे मैदानात उतरते तिथे फासेपारध करणारे लोक जमायचे. हिवाळाभर धरलेल्या जनावरांची कातडी घेऊन. कोल्हा, लांडगा, रानमांजर, आणि एखाद्याचं नशीब असेल तर बिबट्या. ते सांगताना चाचांचा आवाज तरुण व्हायचा. उंटांच्या घंटा, खजुराच्या गोण्या, तंबूत चुलीवर कॉफी, रात्रीच्या दवाने ओलावलेली कातडी उन्हात उलटी पसरलेली, आणि बढाया! प्रत्येकाचा बिबट्या दुसऱ्याच्यापेक्षा हातभर लांब.

"आणि ह्याला तुम्ही जत्रा म्हणता?" मी एकदा फणकारले.

"जत्राच होती ती. तुमीपण आता तितंच तंबू ठोकतावं ना?"

हे खरं होतं. आमचा वन्यजीव महोत्सव त्याच मैदानावर भरतो. मुलांच्या तोंडावर ठिपके रंगवतात, बहिरी ससाण्यांचे खेळ होतात, भाषणं होतात. जागा सोयीची आहे, गाड्या उभ्या करायला सपाट जमीन आहे. पूर्वीही तेच कारण असणार, फक्त गाड्यांच्या जागी उंट.

त्या वर्षी महोत्सवात जुन्या दगडी सापळ्यांची डागडुजी करून ते दाखवायचे ठरले. दगडांचा बुटका बोगदा, आत आमिष, आमिष ओढलं की मागून फरशी पडते. मैदानाजवळच्या चढावर असे दोन सापळे शेजारी शेजारी आहेत. दोन का, हे आम्ही आसपासच्या म्हाताऱ्यांना विचारलं. उत्तर ऐकून मी पेटले. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. पहिल्या सापळ्यात मादी सापडली की तिला मारायचं नाही, जिवंत कोंडून ठेवायची. ती ओरडत राहते. तिच्या ओरडण्यावर नर येतो आणि दुसऱ्या सापळ्यात सापडतो. जोडी! मी खाली शेजारच्या गावाचं नाव घातलं. सापळे त्या गावचे होते. "या गावाने डोंगर मुका केला!" असा माझा शेवट होता. गटात सगळ्यांना आवडला. त्याचाच अरबी फलक करून सापळ्यांपाशी लावायचं ठरलं.

पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी मत्रहला गेले. दुपारची वेळ, बाजार बंद, रफीक जेवायला गेलेला, दुकानाचं शटर अर्धं खाली. चाचांनी पत्रक हुंगलं नाही. सरळ वाचलं. पुन्हा वाचलं.

"ह्या गावाचं नाव कोणी घालायला सांगितलं तुला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? सापळे त्यांचेच आहेत."

"सापळे त्यांचेच. गावात आता त्या काळातला कोण उरलाय, ठाऊक हाय? सईद. एकटा. गाव म्हणजे सईद."

"मग? त्याने केलं नाही का?"

"केलं." चाचांनी थप्पीतला एक रुमाल उचलला. "हात दे."

माझ्या हातावर त्यांनी रुमाल टाकला, खालून स्वतःचा हात घातला आणि माझी दोन बोटं धरली. मग तीन. मग बोटाचं पेर दाबलं. "आपल्याकडं बैलबाजारात करत्यात तसंच. चारचौघं बाजूला बसलेली. तोंडानं बोलायचं ऊन किती हाय, पोरं कशी हायत. सौदा खाली. बाजूच्याला कळत नाय काय भाव झाला. कोणी मागितला, कोणी दिला, कायच कळत नाय."

रुमाल तसाच राहिला. ते बोलत गेले.

"मुंबईचा एक शेठ होता. बंगला बांधला. दाराच्या दोन बाजूला दोन उभे करायचे, भुसा भरून. मला म्हणाला, इस्माईल, एकटा नको, जोडी आण. मी सईदला बोटांनी जोडीचा भाव दिला. मोठा दिला. तो तोंडानं म्हणाला, जोडी मिळायला हे काय बकरे हायत? एक पडला की दुसरा डोंगर सोडून जातो. मी हसलो. म्हटलं, आमच्या गावी तितर कसा धरतात ठाऊक हाय? एक तितर पिंजऱ्यात ठेवायचा. तो ओरडतो, दुसरा येतो. माजा बाप असाच धरायचा. एवढंच बोललो मी, कॉफी पिता पिता."

रुमालाखाली माझी बोटं अजून त्यांच्या हातात होती.

"दुसऱ्या थंडीत जोडी आली. सईद बोलला नाय काय. मीपण विचारलं नाय. त्याच्या बायकोनं सांगितलं मागाहून, ती ओरडत होती तोवर गावात कोण झोपलं नाय. बायकांनी पोरांच्या कानात कापूस घातला. मग भाव बाकीच्यांना कळला. भाव कळतोच. मग सगळेच दोन दोन सापळे बांधाया लागले. मग डोंगरात ओरडायला कोण राहिलंच नाय. कायदा आला तेवा धरायला होतं काय?"

त्यांनी रुमाल काढून घेतला, घडी केली, थप्पीवर ठेवला.

"छाप. माजं नाव घाल, गावाचं काढ."

आता एखादी चांगली कार्यकर्ती ताबडतोब छापखान्याला फोन लावते. मी बसने घरी आले आणि उलटसुलट विचार करत बसले. मला चाचांना वाचवायचं होतं. गावाला वाचवायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण गावातलं मी कोणाला ओळखत नव्हते. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत विषय काढला, तोही अर्धवट, फक्त मुंबईच्या शेठपुरता. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, फलक लागला आहे, महोत्सव परवावर आला, आता त्यात मुंबईचा व्यापारी कुठे घुसवतेस? लोकांचा गोंधळ होईल. पुढच्या वर्षी बघू. मी "बरं" म्हटलं. मी! जिने "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांवर पत्रकं काढली आहेत.

मी जाऊन सांगितलं तेव्हा चाचांनी "बरं" म्हटलं नाही. "मग मी येतो," ते म्हणाले. "सईदला बोलावलाय ना तुमी मंचावर?"

बोलावलं होतं. सर्वांत वृद्ध पारधी म्हणून शाल देणार होते. त्याच्याच गावाच्या नावाचा फलक लावून त्यालाच शाल. हे कोणाला विचित्र वाटलं नव्हतं.

रफीक मला दुकानाबाहेर घेऊन गेला. "दीदी, तुझं काय जातंय? तुझ्या पप्पांची कंपनी आहे, व्हिसा आहे. आमचं दुकान अर्बाबच्या नावावर आहे." अर्बाब म्हणजे ज्याच्या नावावर परवाना असतो तो इथला मालक. "उद्या त्याला कळलं की आपल्या नोकराने डोंगरातले बिबटे संपवले, तर? एका दिवसात खलास. इथे मेला असता सुखाने. एवढी वर्षं गप्प बसला, अजून चार बसायला काय झालं?"

चाचांनी आतून ऐकलं होतं. "रफीक, तू सांग मी तुजा कोण नाय. दारात बसतो, काढला तर जातो."

"असं कसं सांगू?"

"मग नको सांगू."

बाबांची गाडी घेऊन मी त्यांना न्यायला गेले. इस्त्री केलेला पांढरा सदरा, कंबरेला तीच दोरी. अल हैल मागे पडलं, समुद्र मागे पडला, डोंगर समोर आला. सबंध रस्ताभर ते एकच वाक्य बोलले. "तो ओळखील काय मला?"

महोत्सवात गर्दी होती. ठिपके रंगवलेली मुलं गुरगुरत धावत होती. मंचावर पाहुण्यांसाठी दोन सोफे मांडलेले, त्यांना बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड. इतक्या बैठका घेऊन आमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांना ते खुपलं नव्हतं. चाचांनी सोफ्यावर हात फिरवला. "कशाचं हाय?"

"पॉलिस्टर."

"जोडीच आणलीत," ते म्हणाले.

सईद एका सोफ्यावर बसला होता. बारीक, काटकुळा, एका डोळ्यात मोतीबिंदू. मागे त्याचा मुलगा उभा, पन्नाशीचा, हाताची घडी घातलेला. त्याने फलक वाचला होता हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चाचा सईदशेजारी जाऊन बसले. सलाम झाला. सईदने चेहरा जवळ आणून पाहिलं. मग चाचांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

सूत्रसंचालक तरुण आणि चटपटीत. त्याला वाटलं हे ठरवून केलंय. "बघा, बघा," तो ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "आपल्या पूर्वजांची सौद्याची पद्धत! दोन जुने मित्र!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोन वर झाले. मुलं पुढे येऊन बसली. टाळ्या वाजत होत्या आणि रुमालाखाली ते दोघं काय बोलत होते ते अल्ला जाणे.

चाचांनी रुमाल ओढून काढला. खाली टाकला. हात तसेच उघडे, सईदची दोन बोटं त्यांच्या मुठीत. त्यांनी सूत्रसंचालकाच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला. त्यांची अरबी डोंगरातल्या लोकांसारखी होती, मला सगळी कळली नाही. पण एवढं कळलं की जोडी मी मागितली. युक्ती मी सांगितली. माझ्या बापाची होती, तितराची. फलकावर ह्याच्या गावाचं नाव आहे, ते चूक आहे. माझं नाव इस्माईल, दुकान मत्रहला.

टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही. एक मूल तेवढं अजून गुरगुरत होतं, त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

सईद ध्वनिक्षेपकाशिवाय बोलला. पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं असेल.

"एवढी वर्षं कुठे होतास?"

"मत्रहला."

"मत्रह इथून लांब नाही," सईद म्हणाला.

आणि त्याने आपली बोटं सोडवून घेतली. चाचांनी पुन्हा धरली नाहीत. सूत्रसंचालकाने घाईघाईने ससाण्यांचा खेळ जाहीर केला. लोक उठले, मैदानाकडे वळले. शाल तशीच तबकात राहिली.

मी चढावर गेले. फलक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी खांबाला आवळलेला. दातांनी तोडायला गेले, जमेना. शेवटी गाडीतून पक्कड आणली. आमच्या प्रमुख बाई खालून बघत होत्या. त्यांनी हाक मारली नाही, मीही खाली बघितलं नाही. दोन्ही सापळ्यांची तोंडं एकमेकांपासून इतकी जवळ होती की मधे उभं राहून मला दोन्हीकडे हात टेकवता आला. हे मी पत्रक लिहिण्याआधी येऊन बघितलं नव्हतं.

पुढे काय झालं ते थोडंच आहे. अर्बाबने दुकान काढून घेतलं नाही. पण रफीकची झोप उडाली आणि महिन्याभरात त्याने चाचांना गावी पाठवून दिलं. त्या महिन्यात मी मत्रहला फिरकले नव्हते, ते गेल्यावर मला कळलं. फोनवर ते तब्येतीचं सांगतात, माशांचं सांगतात. महोत्सवाचं मी काढलं की म्हणतात, "छापलंस काय?" मी म्हणते, लिहितेय. गटात दुरुस्तीच्या पत्रकावर अजून चर्चाच चालू आहे. कोणाकोणाला वाटतं एका पानात हे बसणार नाही. बसत नाहीच. म्हणून मी हे इतकं लांब लिहिलंय, आणि गावाचं नाव ह्यात कुठेच नाही.

म्हणजे शेवटचे चाचा माझ्यापाशी त्या दिवसाचेच आहेत. फलक काखेत धरून मी खाली उतरले तेव्हा ते सईदच्या तंबूत होते. त्यांना आत कोणी बोलावलं की तेच गेले, मला माहीत नाही. गालिच्यावर सईद, त्याच्या घरचे पुरुष, आणि टोकाला चाचा. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. सईदचा मुलगा किटली घेऊन फिरत होता. इथली रीत अशी की कॉफीचा रिकामा पेला जरासा हलवून परत दिला की पाहुण्याचं झालं, तो उठणार. हलवला नाही तर ओतणारा पुन्हा ओततो. मुलगा चाचांपाशी आला, त्यांच्याकडे न बघता ओतली. चाचा प्यायले. पेला पुढे धरला. त्याने पुन्हा ओतली. मी किल्ल्या हातात घेऊन उन्हात उभी होते. रफीकचा फोन येत होता. चाचांनी पुन्हा पेला पुढे धरला. वयाने त्यांचा हात कापत होता, आणि पेला हलू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.